मशीनला विटाळ

रेतीबंदर, कल्याण
२३ ऑक्टोबर १९८८

ती. भागीआत्यास,

नमस्कार. दसरा होऊन गेला तरी पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागावू नकोस, ते काम सध्या मी एकटीच दोघींच्या वाटणीचं करतेय. सोनं पाकिटात घातलंय, पानं चुरगळली तर चालवून घे. बाबा बरे आहेत, आईचा गुडघा तसाच.

आता मुद्द्याचं. आमच्या कंपनीतला कॉम्प्युटर शुक्रवारी बसला, आणि तो माझ्यामुळे बसला असं ठरलंय.

तू तो पाहिलेला नाहीस म्हणून सांगते. डोंबिवलीला एमआयडीसीतल्या आमच्या रंगांच्या कारखान्यात एक काचेची खोली आहे. आत एसी, चपला बाहेर. तिथे कपडे धुवायच्या मशीनएवढा एक डबा आहे आणि त्या डब्यात तबकड्या आहेत. अख्ख्या कारखान्याचा कारभार त्या तबकड्यांवर: कच्चा माल, स्टॉक, सगळ्या कामगारांचे पगार. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्या अगदी वरून, न टेकता, वाचायचा भाग फिरतो. मधल्या फटीत केससुद्धा मावत नाही. धूळ जाऊ नये म्हणून तर एसी आणि म्हणून तर चपला बाहेर. पण आमच्या लोकांना चपला बाहेर म्हटलं की देऊळच वाटतं.

बुधवारी खंडेनवमी. कारखान्यात सगळ्या मशीनींची पूजा झाली, मग साहेब लोक आमच्या खोलीत आले. दरवर्षी डब्याच्या पत्र्याला कुंकवाचं बोट लावतात आणि झेंडूची माळ टाकतात. यंदा आमचे मॅनेजर वर्तकसाहेब म्हणाले, "पत्र्याला कुंकू लावून काय पूजा होते? देव आत आहे." आणि झाकण उघडलं!

मी म्हटलं, "सर, प्लीज, झाकण नको. बाहेरून करा."

"शेवंती, वर्षाचा सण आहे, नाट लावू नकोस. घे, ताट धर."

"मी नाही धरणार," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मालनताईने ताट धरलं. मालनताई म्हणजे आमची डेटा एंट्रीची बाई, विठ्ठलवाडीहून येते, कितीतरी वर्षं टेंपररीवरच आहे. साहेबांनी तबकडीवर हळद टाकली, चिमूट चिमूट कुंकू टाकलं, अक्षता टाकल्या. वर नारळ फोडून चार थेंब पाणीसुद्धा! फोटो काढला. पेढे वाटले.

शुक्रवारी मी पोहोचायच्या आतच कोणीतरी मशीन चालू केलं, तर आतून पत्रा खरवडल्यासारखा आवाज. मी धावत जाऊन बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं. मुंबईहून इंजिनिअर आला, त्याने सगळ्यांसमोर झाकण काढून कापूस फिरवला. कापूस लाल झाला. तबकडीवर ओरखडे, कोपऱ्यात तांदूळ. तो बिचारा तांदूळ हातात घेऊन विचारतोय, "हे काय आहे?" आमचा शिपाई नामा म्हणाला, "अक्षता आहेत साहेब."

आता तूच सांग, यापुढे बोलायला काही उरतं का? पण वर्तकसाहेब म्हणाले, "कुंकू तर आपण दरवर्षी वाहतो. मग यंदाच असं कसं झालं?" आणि परशुराम हळूच म्हणाला, "सर, मॅडमनी त्या दिवशी ताट का नाही धरलं?"

हा परशुराम म्हणजे माझा ज्युनिअर. प्रोग्राम कसा लिहायचा ते याला मी शिकवलं. वर्तकसाहेब जानेवारीत हेड ऑफिसला जाणार आहेत आणि त्यांच्या जागी इनचार्ज म्हणून माझं नाव वर जाणार होतं. दुसरं नाव त्याचं. समजलीस ना?

संध्याकाळपर्यंत अख्ख्या कंपनीत झालं की शेवंती बाजूला बसायची असताना मशीनला शिवली. दिवाळीचा पगार लांबणार म्हणून कामगार माझ्याकडे बघून तोंड फिरवतायत. एकजण तर ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईमाणूस आत घेतलं की असंच."

आत्या, माझं डोकं फुटायची वेळ आलीय. लवकर लिही.

तुझी,
शेवंती


मुरूड-जंजिरा
२९ ऑक्टोबर १९८८

चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचले. दोनदा वाचले. पहिल्यांदा संताप आला आणि दुसऱ्यांदा तुझी काळजी वाटली. शिकलेली माणसे असे वागतात म्हणजे काय म्हणावे! मी इतकी वर्षे शाळेत शिकवले, त्या शिक्षणाचे हेच का फळ?

पण बाळ, हे तुला नवीन असेल, मला नाही. माझ्या बापाने मला कल्याणच्या शाळेत घातले, कोळ्याची पोर शिकतेय म्हणून लोक हसले तरी घातले. पण त्याच माणसाने मला उभ्या जन्मात आपल्या होडीत पाय ठेवू दिला नाही. बाईने होडी बाटते म्हणे. मी भांडले नाही. म्हटले, होडी तुमची, शाळा माझी. जिथे वाट मिळाली तिथून पुढे गेले आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. राग सगळ्यांनाच येतो, तो कुठे काढायचा आणि कुठे गिळायचा हे कळले पाहिजे.

आता एक मोकळेपणाने विचारते. त्या दिवशी तुला खरेच अडचण होती का? नसेल तर प्रश्नच मिटला. उद्या सकाळी जा आणि सांग, नव्हती. असली तरी सांग, नव्हती. कोण बघायला येणार आहे? ती जागा हातची जाऊ देऊ नकोस. तुझ्या आधी आपल्या घरातली एकही बाई अशा खुर्चीवर बसलेली नाही.

आणखी एक. तुमच्या वर्तकांची बायको सुमेधा ही मुरूडचीच, माझ्या हाताखाली शिकलेली. अजून दिवाळीला पत्र पाठवते. तू म्हणालीस तर मी तिच्याशी बोलू शकेन.

आईला शेक घ्यायला सांग.

तुझी,
भागीरथीआत्या


कल्याण
४ नोव्हेंबर १९८८

ती. आत्यास,

आत्या, तूसुद्धा?

कंपनीत मला तोंडावर कोणी विचारत नाही, सगळे पाठीमागे कुजबुजतात. तोंडावर विचारलंस ती तू पहिली. तर ऐक. होती की नव्हती, हे मी सांगणार नाही. त्यांना नाही आणि तुलाही नाही. मी "नव्हती" म्हटलं की असणं हा गुन्हा झाला ना? मग पुढच्या महिन्यात मी काय करू? रजा टाकू? दर महिन्याला चार दिवस? अशी इनचार्ज कोणाला पाहिजे?

आणि तू मला होडीचं सांगतेस! होडी आजोबांची होती, मान्य. हा कॉम्प्युटर वर्तकसाहेबांच्या बापाचा नाही. त्यावर चालणारा स्टॉकचा प्रोग्राम मी लिहिलाय, पगाराचा मी लिहिलाय. मी का म्हणून दुसरी वाट शोधू?

इथे काय चाललंय ते वाच म्हणजे तुला कळेल. मला डिस्पॅचमध्ये चलनं टाइप करायला बसवलंय. "थोडे दिवस, वातावरण निवळेपर्यंत," वर्तकसाहेब म्हणाले. गोड बोलतात गं, आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून तर जास्त चीड येते. नवीन डिस्क आली. मी पूजेच्या आदल्या दिवशी सगळं टेपवर उतरवून ठेवलेलं, म्हणून निभावलं. पण ते परत चढवायचं कोणाला येतं? परशुरामने दोन दिवस खटपट केली, घाम फुटला त्याला एसीत. मग बोलावलं मलाच.

पण आत घ्यायचं कसं? तर नामा दारात उभा राहतो, आणि मालनताईला माझ्याकडे पाठवतात. ती येते, मान खाली घालते आणि विचारते, "आज चालेल ना, मॅडम?" रोज! माझ्यापेक्षा वयाने मोठी बाई, दोन मुलांची आई, आणि तिला हे काम. पहिल्या दिवशी मी ओरडले तिच्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला सांगितलंय म्हणून विचारते. टेंपररीवर आहे मी." तेव्हापासून मी एवढंच सांगते, "जा, मशीनला विचारा म्हणावं." आणि आत जाते. मशीन काही बोलत नाही.

सुमेधाताईंना तू एक अक्षर लिहायचं नाहीस. मला कोणाच्या बायकोच्या ओळखीने खुर्ची नकोय. शपथ घालते तुला.

शेवंती


मुरूड-जंजिरा
१४ नोव्हेंबर १९८८

चि. शेवंतीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. तू फार चिडली आहेस, म्हणून त्यातल्या कशालाच उत्तर देत नाही. दिवाळी इथे छान झाली. करंज्या तुझ्या आईसारख्या जमल्या नाहीत. थोडे दिवस तोंड आवर, कामावर रोज जा, वर्तकांशी वाद घालू नकोस. सारे नीट होईल असे मला वाटते. कसे, ते विचारू नकोस.

आत्या


कल्याण
२५ नोव्हेंबर १९८८

ती. आत्यास,

आत्या!!! झाले मी इनचार्ज!

काल दुपारी वर्तकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाले, "शेवंती, आमचा गैरसमज झाला होता. मनात ठेवू नकोस. तुझं नाव मी वर पाठवलंय आणि ते मंजूरही झालंय." परशुराम बाहेर तोंड पाडून बसलेला. मला हसू आवरेना.

शेवटी खरं ते खरंच ठरतं. मला वाटतं त्या इंजिनिअरने हेड ऑफिसला जाऊन स्पष्ट सांगितलं असणार, झाकण उघडून कुंकू टाकलं म्हणून डिस्क गेली. दुसरं काय असणार? मी एक शब्द मागे घेतला नाही, कोणाचे पाय धरले नाहीत, काय होतं आणि काय नव्हतं ते कोणाला सांगितलं नाही, तरी झाले. बघ, तू उगाच घाबरत होतीस.

बाबांनी आळीत पेढे वाटले. आई म्हणाली, आत्याला आधी कळव. मी आता पहिलं काम काय करणार माहितीये? मालनताईला परमनंट करून घ्यायचं पत्र. त्या दिवसांत तिला फार बोलले मी. पण ती आठवडाभर आली नाहीये. पोरं आजारी असतील, चौकशी करायला हवी.

तू जानेवारीत ये. काचेच्या बाहेरून का होईना, तुला मशीन दाखवते. नाही, आतूनच दाखवते!

तुझी लाडकी,
शेवंती


मुरूड-जंजिरा
२ डिसेंबर १९८८

चि. शेवंतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बातमी वाचली आणि देवापुढे साखर ठेवली. शेजारच्या रंगूबाईला बोलावून पत्र वाचून दाखवले. तिला कॉम्प्युटर म्हणजे काय ते कळले नाही, पण तिने तुझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवायला सांगितल्या आहेत.

आता सगळे पार पडले आहे तेव्हा सांगायला हरकत नाही. तू शपथ घातली होतीस, ती मी मोडली. रागाव हवे तर, पण आधी पुढचे वाच. दिवाळीच्या सुमारास मी सुमेधाला पत्र लिहिले. गणपतीत तू इथे आली होतीस तेव्हा आरतीला बाजूला बसली होतीस, ते मला पक्के आठवत होते. त्यावरून हिशोब मांडला तर खंडेनवमीला तुला अडचण असणे शक्यच नाही. तसे मी सुमेधाला लिहिले आणि खाली म्हटले की माझ्या भाचीबद्दल मी माझा शब्द देते. बाईंचा शब्द म्हटल्यावर तिने नवऱ्याला सांगितले. लगेच तिचे उत्तर आले, "बाई, यांचा गैरसमज दूर झाला."

तुझा तो इंजिनिअर वगैरे काही नाही, बाळ. जगात अशी कामे अशीच होतात. तू तत्त्वावर भांडत राहिली असतीस तर आज चलनेच टाइप करत असतीस. मी काही वाईट केले असे मला वाटत नाही. तुझ्याबद्दल खरे तेच मी सांगितले.

नवीन खुर्चीवर बसण्याआधी कल्याणला देवीची ओटी भरून ये.

तुझी,
आत्या


कल्याण
११ डिसेंबर १९८८

आत्या,

वर "ती." लिहीत नाही. आज हात वळत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी विठ्ठलवाडीला मालनताईकडे गेले. पोरं आजारी नाहीत. तिला काढलंय. मला खुर्ची दिली त्याच्या आदल्याच आठवड्यात.

का काढलं ते ऐकायचंय? तू सुमेधाताईंना शब्द दिलास की शेवंती नव्हती. ठीक. त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ठीक. मग वर्तकसाहेबांनी काय विचार केला असेल? की आपण झाकण उघडलं ते चुकलं? छे गं! त्यांनी विचार केला, शेवंती नव्हती, तर मग कोण होतं? त्या खोलीत दुसरी बाई कोण? जिने ताट धरलं ती! मी बाजूला झाले म्हणून जिने धरलं, ती!

तिला बोलावून अकाउंट्सच्या बाईकडून विचारवलं. मालनताई घाबरली. म्हणाली, "मला तारीख आठवत नाही." आठवत नाही म्हणजे होतीच, असं ठरलं. टेंपररीच होती, उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं. घरी काय सांगितलं असेल तिने? सासूला कळलंच. सासू म्हणते, देवाच्या ताटाला विटाळशीने हात लावला, घरावर काय काय येईल आता. त्या बाईने गेले पंधरा दिवस चुलीपाशी जाऊ दिलेलं नाही तिला. मी दारात उभी राहिले तर मालनताई बाहेर आली, माझ्या नव्या पर्सकडे बघितलं आणि म्हणाली, "अभिनंदन मॅडम." बस. चहाला थांबा म्हणाली नाही. का म्हणावं?

तू माझे दिवस मोजलेस, आत्या! गणपतीत मी कुठे बसले होते ते लक्षात ठेवलंस, बोटांवर हिशोब मांडलास आणि माझ्या साहेबाच्या बायकोला लिहून कळवलंस. आणि वर म्हणतेस, खरं तेच सांगितलं. लाज वाटली मला. ते पत्र त्या माणसाने वाचलं असेल, किंवा जेवताना बायकोने वाचून दाखवलं असेल, आणि मग तो दुसऱ्या दिवशी उठून मला खुर्ची देतो, गोड हसतो. शी!

आणि मी मूर्ख, तुला लिहितेय की खरं ते खरंच ठरतं. पेढे वाटले आम्ही!

तू मला वाचवलं नाहीस. माझ्या गळ्यातलं काढून मालनताईच्या गळ्यात घातलंस. तिच्यासाठी शब्द द्यायला मुरूडला कोणी बाई नव्हती.

शेवंती


मुरूड-जंजिरा
१८ डिसेंबर १९८८

चि. शेवंतीस,

तुझे पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेले नाही. मालनबाईंचे असे होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. मी सुमेधाला लिहिताना त्या बाईचे नावही घेतलेले नव्हते.

तुझ्या रागाचे उत्तर माझ्याजवळ नाही, पण माझाही राग आहे, तो तू ऐकून घे. तुला वाटते मी या लोकांना मानते? मी कोणाला मानत नाही. पण मी एकटी बाई, परगावात, कोळ्याची, पुरुष शिक्षकांच्या वर मुख्याध्यापिका झाले ती रोज उठून तत्त्व सांगत नाही झाले. सुरुवातीला महिन्याचे ते चार दिवस मीही शाळेत शारदेच्या तसबिरीपासून लांब उभी राहत असे, आणि खुर्चीवर पक्की बसल्यावर ती रीत मी बंद केली. माझ्यानंतरच्या एकाही मुलीला उभे राहावे लागले नाही. आधी खुर्ची, मग रीत. उलटे कधी होत नाही.

म्हणून सांगते, आता तिरीमिरीत काही करू नकोस. खुर्ची सोडलीस तर तिथे परशुराम बसेल, आणि तो मालनबाईंना काय परत घेणार? वर्षभर गप्प बस, पक्की हो, मग तिला सन्मानाने आण. तोवर तिला माझ्याकडून काही मदत लागली तर मी करीन.

माझे चुकले असेल. पण खुर्ची सोडू नकोस.

आत्या


कल्याण
१५ जानेवारी १९८९

ती. आत्यास,

तिळगूळ पाठवत नाहीये. सध्या गोड बोलायची इच्छा नाही.

तुझं पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं होतं. तू लिहिलंस ते मला पटत होतं, हाच तर त्रास. वर्षभर गप्प बस. मी खरंच गप्प बसायचं ठरवलं. पण मालनताई हे वर्षभर काय करणार? चुलीपासून लांब बसणार?

एक तारखेला वर्तकसाहेब जायचे होते. त्याआधी इअर एंडचं स्टॉकचं काम, हेड ऑफिसहून दोन डायरेक्टर आलेले. सगळे काचेच्या खोलीत जमलो. वर्तकसाहेबांनी माझी ओळख करून दिली, या आमच्या नव्या इनचार्ज. मी म्हटलं, "सर, एंट्रीला माणूस कमी आहे. मालनताईंना परत घ्यावं लागेल."

साहेब हसले. हळूच म्हणाले, "तो विषय आता नको. त्यांचं कारण तुला माहितीये."

"नाही माहीत. सांगा ना, सर."

"शेवंती, तू नव्हतीस हे आम्हाला कळलं. मग कोणीतरी असणारच ना?"

आत्या, इतक्या सहज म्हणाला गं हा माणूस! कोणीतरी असणारच ना. समोर डब्याच्या पत्र्यावर त्या दिवशी झाकण लावताना उमटलेला त्याच्याच बोटाचा लाल डाग अजून आहे, आणि हा म्हणतो कोणीतरी असणार!

मी म्हटलं, "मी होते."

"काय?"

"त्या दिवशी मीच होते. अडचण मला होती. मालनताईला नव्हती."

"पण तुझ्या आत्यांनी तर शब्द..."

"आत्या मुरूडला असते. तिला माझं काय माहीत? आणि ऐका, सर. मी तीन वर्षं या मशीनवर बसतेय. दर महिन्याला बसतेय. सणावाराला, पगाराच्या दिवशी, ऑडिटच्या दिवशी. तुम्हीच हिशोब करा. तेव्हा नाही बसली ती डिस्क. झाकण उघडून तुम्ही तिच्यावर नारळाचं पाणी ओतलंत तेव्हा बसली."

एक डायरेक्टर बूट काढलेल्या पायांकडे बघत राहिले. दुसऱ्यांनी विचारलं, "नारळाचं पाणी?" म्हणजे बघ, वरपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं! वर्तकसाहेबांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला.

खरंच होते की नव्हते ते आता तरी विचारू नकोस. तुझा हिशोब बरोबर असेल किंवा चुकला असेल. मी कोणालाच सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

पुढचं थोडक्यात. साहेबांना काही झालं नाही, ठरल्या दिवशी हार घालून घेऊन हेड ऑफिसला गेले. मी साहेबांशी उद्धट बोलले, माझ्यात मॅच्युरिटी कमी आहे, म्हणून इनचार्ज परशुराम झाला. तू म्हणालीस तसंच. पण इअर एंड अडलेलं होतं आणि परशुरामला ते जमेना. मी सांगितलं, मालनताई त्या खुर्चीवर बसेपर्यंत मी कीबोर्डला हात लावणार नाही. दोन दिवस सगळे रुसले, तिसऱ्या दिवशी नामाला विठ्ठलवाडीला पाठवलं. टेंपररीवरच घेतलंय, पण घेतलंय. मी नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी कारण लिहून द्यावं, मला वाचायचंय ते.

मालनताई सोमवारी आली. मला वाटलं होतं गळ्यात पडेल, रडेल. ती खोलीच्या दाराशी चपला काढून उभी राहिली. मी म्हटलं, "या ना आत." ती आली, खुर्ची पुढे ओढली, बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, 'मी होते' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, तर दसऱ्यालाच का नाही बोललात?"

मी तिला सांगणार होते की असं विचारणंच चुकीचं आहे, उत्तर देणं म्हणजे त्यांचं मान्य करणं, वगैरे. तुला लिहिलेलं ते सगळं. पण तिचे दोन महिने गेले होते. मी एंट्रीच्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

आत्या, झाकण उघडलं वर्तकसाहेबांनी. कुंकू टाकलं त्यांनी, नारळ फोडला त्यांनी. त्यांना आजपर्यंत कोणी काही विचारलेलं नाही. मी तुला जाब विचारतेय, मालनताई मला विचारतेय, आणि तिची सासू तिला विचारतेय.

तुझी,
शेवंती